लोकलच्या पोटात वीज दोनदा बदलते

दोस्तांनो, घरातला मोबाइलचा चार्जर जरा हातात घ्या. आधी तो सॉकेटमधून काढा, हं! आता त्याच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. ती इतकी बारीक असतात की भिंगच शोधावं लागेल. 'इनपुट' असं लिहिलेलं सापडलं? त्याच्यापुढे 100 ते 240 व्होल्ट असं काहीतरी असेल आणि आकड्याशेजारी एक चिमुकली नागमोडी रेघ. आता 'आउटपुट' शोधा. तिथे 5 व्होल्ट दिसेल. आणि शेजारी? एक सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक तुटक रेघा.

नागमोडी रेघ म्हणजे एसी आणि सरळ रेघ म्हणजे डीसी. वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना प्रत्यावर्ती धारा आणि दिष्ट धारा म्हणतात. म्हणजे या एवढ्याशा डबीत एका बाजूने एक प्रकारची वीज शिरते आणि दुसऱ्या बाजूने वेगळ्याच प्रकारची बाहेर पडते. हे काम जगात सगळीकडे, अगदी या क्षणीसुद्धा चाललेलं आहे. चार्जरमध्ये, टीव्हीत, गच्चीवरच्या सोलर पॅनेलखाली, आणि मुंबईच्या लोकलच्या पोटात तर फारच थाटात! आपल्याला लोकलपर्यंत पोचायचंच आहे. पण आधी विजेचे हे दोन प्रकार नीट ओळखून घेऊ.

टॉर्चच्या सेलमधून निघालेली वीज एकाच दिशेने वाहते. तारेतले इलेक्ट्रॉन सेलच्या एका टोकाकडून निघतात आणि दुसऱ्या टोकाकडे सरकत राहतात. ही झाली डीसी. तुमच्या भिंतीतल्या सॉकेटमधली वीज मात्र सारखी दिशा बदलते. क्षणात इकडे, क्षणात तिकडे. किती वेळा? आपल्याकडे सेकंदाला 100 वेळा! इकडे आणि तिकडे मिळून एक फेरी धरली, तर सेकंदाला 50 फेऱ्या. चार्जरवर '50 हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच. ही झाली एसी.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गंमत सांगते. तारेतले इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात. त्यात सेकंदाच्या शंभराव्या भागात दिशा बदलायची, म्हणजे ते जाणार तरी किती लांब? केसाच्या जाडीएवढंही नाही. त्यामुळे तुमच्या पंख्याच्या तारेतले इलेक्ट्रॉन कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून आलेले नसतात. ते तारेतलेच असतात आणि तिथल्या तिथे थरथरत असतात. इतक्या दुरून येते ती फक्त ऊर्जा. इलेक्ट्रॉन कुठेच न जाता पंखा गरगर फिरतो!

पण मोबाइलच्या बॅटरीला ही थरथर चालत नाही. बॅटरी चार्ज होते तेव्हा तिच्या आतले लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेऊन बसवायचे असतात. एसी दिली तर एकदा पुढे ढकलणार आणि लगेच मागे ओढणार. भरलेलं सगळं पुन्हा रिकामं! शिवाय 230 व्होल्टच्या दणक्याने बॅटरीची वाट लागेल ती वेगळीच. म्हणून मधे चार्जर हवा.

मग सतत दिशा बदलणाऱ्या विजेला एकाच दिशेने कसं चालायला लावायचं? सायकलच्या ट्यूबला व्हॉल्व्ह असतो ना? पंपाने हवा मारली की आत जाते, पण पंप काढला तरी बाहेर येत नाही. अगदी तसा विजेचा व्हॉल्व्ह असतो. त्याचं नाव डायोड. काळ्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा, आणि एका टोकाला पांढुरकी पट्टी. आत असतो सिलिकॉनचा अगदी छोटा तुकडा. त्याच्या दोन अर्ध्या भागांत वेगवेगळी मूलद्रव्यं अगदी किंचित मिसळलेली असतात. त्यामुळे दोघांच्या सीमेवरून वीज एका दिशेने जाते आणि उलट दिशेने आली तर अडते. जाऊ देतानाही सिलिकॉनचा डायोड साधारण 0.7 व्होल्ट स्वतःकडे ठेवून घेतो. फुकटात सोडत नाही!

एकच डायोड लावला तर अर्धं काम होतं. पुढे जाणारी वीज मिळते, पण मागे येणारी नुसती अडून राहते. म्हणजे अर्धा वेळ काहीच नाही. त्यावर उपाय निघाला 19 व्या शतकाच्या शेवटी: चार डायोडचा चौकोन. हा मात्र कागद-पेन्सिल घेऊनच समजून घ्या, कारण एवढी सुंदर युक्ती नुसती वाचून सोडायची नसते.

चौकोन काढा, पण टोकावर उभा, पतंगासारखा. डाव्या आणि उजव्या कोपऱ्याला एसीच्या दोन तारा जोडा. वरच्या कोपऱ्यावर अधिकचं चिन्ह काढा, खालच्यावर उणेचं. आता चारही बाजूंवर एकेक बाण काढा. बाण म्हणजे डायोडची परवानगी. डावीकडून वर, उजवीकडून वर, खालून डावीकडे, खालून उजवीकडे. झालं? आता समजा, वीज डाव्या तारेतून आली. तिला वर जायची वाट आहे, म्हणून ती वरच्या कोपऱ्यातून बाहेर पडते, तुमच्या यंत्रातून फिरते, खालच्या कोपऱ्यात परत येते आणि उजव्या तारेतून निघून जाते. सेकंदाचा शंभरावा भाग उलटला. दिशा बदलली. आता वीज उजवीकडून येते. तिलाही वरच जायची वाट आहे! पुन्हा ती वरच्या कोपऱ्यातूनच बाहेर पडते आणि खालच्याच कोपऱ्यात परत येते. तारा कितीही उलटसुलट होऊ देत, यंत्राला वीज एकाच बाजूने मिळते. एसीची डीसी करणाऱ्या अशा जोडणीला रेक्टिफायर म्हणतात.

ही वीज एका दिशेने वाहते खरी, पण अजून धडधडत असते. सेकंदाला 100 वेळा वाढते आणि शून्याला येते. म्हणून पुढे एक कपॅसिटर लावतात. तो वीज जास्त असताना साठवतो आणि कमी पडली की सोडतो. धडधड बरीच शांत होते. हा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो आणि चांगलाच झटका देतो. म्हणून चार्जर उघडून बघायचा नाही म्हणजे नाही. बंद पडलेलासुद्धा नाही.

इथे एक नाव सांगायलाच हवं. काही खनिजांच्या स्फटिकांतून वीज एका दिशेने सहज जाते आणि दुसऱ्या दिशेने अडते, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्ये पाहिलं होतं. त्याचा उपयोग रेडिओलहरी पकडायला करून दाखवला आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी, कोलकात्यात. गॅलेना नावाच्या शिशाच्या चकचकीत खनिजाच्या स्फटिकावर त्यांनी आपलं उपकरण बेतलं. त्यासाठी 1904 मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. झाडांना संवेदना असतात हे दाखवणारे तेच बोस. आजच्या सिलिकॉनच्या डायोडचं मूळ शोधत मागे गेलं की वाटेत हा स्फटिक भेटतो.

तर आता चला स्टेशनवर!

3 फेब्रुवारी 1925. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, भारतातली पहिली विजेची प्रवासी गाडी सुटली. गेली कुर्ल्यापर्यंत, हार्बर मार्गाने. डबे होते फक्त चार. तिच्या डोक्यावरच्या तारेत वीज होती 1500 व्होल्टची आणि ती होती डीसी.

डीसी का? कारण तेव्हा गाडी ओढायला सगळ्यात चांगली मोटर डीसीचीच होती. थांबलेली, माणसांनी खचाखच भरलेली गाडी हलवायची तर सुरुवातीलाच दणदणीत जोर हवा. डीसी मोटर तो देते आणि तिचा वेग आवरणंही त्या काळच्या साधनांनी सोपं होतं. पण वीजकेंद्रातून येणारी वीज तर एसी. मग रुळांच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं बांधली. तिथे एसीची डीसी करायची आणि तारेत सोडायची.

तेव्हा सिलिकॉनचे डायोड कुठे होते? जगभरच्या रेल्वेची उपकेंद्रं आधी फिरती अवजड यंत्रं वापरायची. मग आले पाऱ्याचे रेक्टिफायर. मोठा काचेचा फुगा, बाजूंना काचेच्या वाकड्या नळ्या, आतली हवा काढून टाकलेली आणि तळाशी पाऱ्याचं डबकं. वीज चालू केली की पाऱ्याच्या पृष्ठभागावर एक तेजस्वी ठिपका थयथय नाचू लागे आणि सगळा फुगा निळ्या-जांभळ्या उजेडाने भरून जाई. पाऱ्यातून इलेक्ट्रॉन निघून वर जायचे. वरच्या टोकांतून मात्र ते निघत नसत. झाला एकेरी रस्ता! याचे जुने व्हिडिओ मोठ्यांच्या मदतीने नक्की बघा. विजेचं इतकं देखणं यंत्र दुसरं झालं नसेल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मुंबईची डीसी 90 वर्षांहून जास्त चालली. मग अडचण काय आली? थोडं गणित करू. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. धरा, एका भरलेल्या लोकलला वेग घेताना 30 लाख वॅट हवेत. तारेत 1500 व्होल्ट असतील तर प्रवाह लागेल 2000 अँपिअर. तुमच्या घरातल्या फ्रिजला एक-दोन अँपिअर पुरतात, म्हणजे बघा! आता तारेत 25,000 व्होल्ट असतील तर? फक्त 120 अँपिअर. प्रवाह जवळजवळ 17 पटींनी कमी झाला. आणि तार तापून वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याच तारेत ती नासाडी सुमारे 278 पटींनी कमी होईल! तार बारीक चालेल, उपकेंद्रं दूर दूर चालतील, डबे वाढवता येतील.

मग डीसीचेच व्होल्ट का नाही वाढवले? वाढवले असते, पण गाडीत ते पुन्हा कमी कोण करणार? इथे एसीच्या बाजूने ट्रान्सफॉर्मर उभा राहतो. लोखंडाच्या पत्र्यांवर गुंडाळलेली दोन वेटोळी, बस्स. त्याच्यात एकही फिरता भाग नाही. एका वेटोळ्यातली वीज दिशा बदलते, त्यामुळे लोखंडातलं चुंबकत्व बदलतं, त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज तयार होते. वेढे कमी-जास्त केले की व्होल्ट कमी-जास्त. डीसी दिली तर चुंबकत्व बदलतच नाही, आणि ट्रान्सफॉर्मर ढिम्म! म्हणून भारतीय रेल्वेने 1957 मध्ये पुढच्या विद्युतीकरणासाठी 25,000 व्होल्टची एसी ठरवली. मुंबईच्या आसपास मात्र जुनी डीसीच राहिली. त्यामुळे कल्याणकडून आलेल्या गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, कारण तिथून पुढे तारेतली वीजच वेगळी. पुढे दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आली.

मुंबईतला बदल हे मोठं अवघड काम होतं. लाखो लोकांना रोज कामावर पोचवणारी लोकल बंद ठेवून चालत नाही. म्हणून तुकड्यातुकड्याने काम करायचं. काही भागात एसी, पुढे डीसी, आणि दोन्हींवर चालणाऱ्या लोकल. सीमेवर तारेचा एक तुकडा मुद्दाम निर्जीव ठेवलेला असे. मोटरमन आधी वीज तोडायचा, गाडी आपल्या वेगानेच तेवढं अंतर पार करायची. डब्यातले दिवे जायचे, पंखे मंदावायचे, आणि काही क्षणांत सगळं परत चालू. तुमच्या आई-बाबांना विचारा, मुंबईकर असतील तर त्यांना हे आठवत असेल.

शिवाय 25,000 व्होल्टच्या तारेला आजूबाजूला जास्त मोकळी जागा लागते, आणि जुने पूल बुटके. सँडहर्स्ट रोडजवळचा 1879 सालचा हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडला, त्यामागे हेही एक कारण होतं. पश्चिम रेल्वेचं काम 2012 मध्ये पुरं झालं होतं. हार्बर मार्गावर एप्रिल 2016 मध्ये, रात्री उशिरा, कुर्ल्याहून शेवटची डीसी लोकल निघाली. ती खचाखच भरली होती. निरोप द्यायला लोक मुद्दाम आले होते. पहिली विजेची गाडी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावर डीसीचा शेवट झाला.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगते. 25,000 व्होल्टच्या तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. गाडीच्या टपावर चढणं, तारेजवळ काठी, छत्री किंवा पतंगाचा मांजा नेणं, हे कधीही करायचं नाही. मित्राने पैज लावली तरी नाही.

आता नव्या लोकलच्या पोटात डोकावू. टपावरचा पेंटोग्राफ तारेला टेकतो आणि एसी आत घेतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो. मग रेक्टिफायर तिची डीसी करतो. आणि मग? मग इन्व्हर्टर त्या डीसीची पुन्हा एसी करतो! कारण 2007 च्या सुमारास मुंबईत आलेल्या नव्या लोकलपासून चाकं फिरवायला एसीच्याच मोटर आल्या.

तुम्ही म्हणाल, एसीच हवी होती तर मधे डीसी कशाला केली? अगदी बरोबर प्रश्न! उत्तर असं की तारेतली एसी सेकंदाला 50 फेऱ्यांचीच असते, त्यात बदल नाही. पण या मोटरचा वेग विजेच्या फेऱ्यांवर ठरतो. गाडी सुटताना फेऱ्या अगदी थोड्या हव्यात, मग 10, मग 20, मग 50, आणि गरज पडली तर त्याहून जास्त. तारेतल्या विजेची ठरलेली लय आधी पुसून टाकायची, म्हणजे डीसी करायची, आणि मग त्या कोऱ्या विजेवर हवी ती लय नव्याने उमटवायची. इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉनचे स्विच असतात. ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. एकदा जास्त वेळ चालू, एकदा कमी वेळ, असं करत करत ते डीसीच्या तुकड्यांतून नागमोडी लाट घडवतात.

ही उघडझाप तुम्हाला ऐकू येते! लोकल सुटताना मोटरच्या डब्याजवळ कान द्या. डब्याखालून एक बारीक स्वर निघतो, चढत जातो, मधेच बदलतो, पुन्हा चढतो. स्विचच्या उघडझापीमुळे मोटरचं लोखंड आणि वेटोळी थरथरतात, त्याचा तो आवाज. जुन्या डीसी लोकल असा सूर काढत नसत. त्यांच्या मोटरला सुरुवातीला कमी वीज द्यायला मधे रोध लावायचे, आणि अडवलेली वीज नुसती उष्णता होऊन उडून जायची.

ब्रेक लावताना तर याहून भारी काम होतं. चाकं मोटरला फिरवू लागतात आणि मोटर वीज बनवू लागते. ती वीज सगळी वाट उलटी चालते. एसीची डीसी, डीसीची पुन्हा बरोब्बर 50 फेऱ्यांची एसी, ट्रान्सफॉर्मर, पेंटोग्राफ, आणि वर तारेत! थांबणाऱ्या लोकलची ऊर्जा दुसऱ्या एखाद्या सुटणाऱ्या लोकलला कामी येते.

आता आठवा तुमचा चार्जर. त्याच्या आतही जवळजवळ हेच चालतं. आधी डायोडचा चौकोन सॉकेटमधल्या एसीची सुमारे 325 व्होल्टची डीसी करतो. 230 ऐवजी 325 का? कारण 230 हे एक प्रकारचं सरासरी माप आहे, लाटेचा माथा त्याहून उंच असतो. मग एक स्विच त्या डीसीचे सेकंदाला हजारो-लाखो तुकडे करतो. ते एका ट्रान्सफॉर्मरमधून जातात, व्होल्ट उतरतात आणि शेवटी पुन्हा डीसी. फेऱ्या जितक्या जास्त, तितकी दर फेरीला कमी ऊर्जा न्यायची, म्हणून ट्रान्सफॉर्मर बोराएवढा चालतो. जुन्या रेडिओचे अ‍ॅडॉप्टर विटेसारखे जड असत, कारण त्यांचा ट्रान्सफॉर्मर 50 फेऱ्यांवरच चाले.

आणि आता सगळ्यात मोठा मासा! चंद्रपूरहून निघून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला येणारी 752 किलोमीटरची एक लाइन आहे, 1999 पासून सुरू असलेली. तिच्या एका तारेवर अधिक 5 लाख व्होल्ट, दुसरीवर उणे 5 लाख, आणि वीज डीसी! विदर्भातल्या वीजकेंद्रांची 1500 मेगावॅट वीज ती मुंबईकडे नेऊ शकते. एवढ्या लांब तारेत एसी सोडली तर सेकंदाला 100 वेळा ती लांबलचक तार भरण्यात आणि रिकामी करण्यातच बराच प्रवाह गुंततो. डीसीला तार एकदाच भरावी लागते. शिवाय एसीला तीन तारा लागतात, इथे दोन. चंद्रपूरला मोठमोठ्या सभागृहांत सिलिकॉनच्या व्हॉल्व्हचे मनोरे एसीची डीसी करतात आणि पडघ्याला तसेच मनोरे डीसीची एसी करतात.

पण चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीला याहून नवलाची जागा आहे. तिथे लाइनच नाही! एकाच आवारात एका बाजूने एसी येते, तिची डीसी होते, आणि तिथल्या तिथे पुन्हा एसी होऊन दुसऱ्या बाजूने निघते. कारण हे केंद्र उभारलं तेव्हा पश्चिम भारताची वीजव्यवस्था आणि दक्षिण भारताची वीजव्यवस्था आपापल्या लयीत चालायच्या. एकीची लाट वर असताना दुसरीची खाली असू शकायची. अशा दोन एसी सरळ जोडल्या तर मोठा गोंधळ होतो. मधे डीसी केली की लय पुसली जाते आणि पलीकडे त्यांच्या लयीत नवी लाट तयार करता येते. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिण भारत बाकीच्या देशाशी सरळ जोडला गेला आणि सगळ्यांची लय एक झाली. तरीही भद्रावतीचं केंद्र बाद झालं नाही. कारण साध्या एसीच्या लाइनमधून वीज आपल्या नियमांनी वाहते, पण तिथे किती वीज, कोणत्या बाजूला सोडायची, हे नियंत्रण कक्षातल्या माणसांना ठरवता येतं.